व्हेस्ट्रॉनचा सातबारा

१९८८ च्या दिवाळीत माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून साताऱ्याला आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी एक व्हिडिओ कॅसेट आणली होती. आम्ही सगळी भावंडे त्याला दादा म्हणत असू आणि त्याने आणलेली कोणतीही वस्तू चारचौघांना दाखवल्याशिवाय आमच्या घरात कपाटात जात नसे. घरी व्हीसीआर नव्हता, म्हणून पाडव्याच्या संध्याकाळी वडिलांनी कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्याने आणला, शेजारच्या दोन बिऱ्हाडांनाही बोलावले, आणि फराळाची ताटे पुढ्यात घेऊन आम्ही सतरंजीवर बसलो. कॅसेट आत गेली. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटल्या आणि खालून वर सरकत राहिल्या. आवाज येत होता तोही जाड आणि संथ, एखाद्या गुंगीतल्या माणसासारखा. लायब्ररीवाले काका स्वतः आले, त्यांनी ट्रॅकिंगची चकती फिरवून पाहिली, झाकण उघडून हेड पुसले, आणि शेवटी खोक्यावरचा मजकूर वाचून म्हणाले की ही अमेरिकेची एनटीएससी कॅसेट आहे, आपल्याकडच्या पाल मशीनवर ती लागायची नाही. दादाला फार वाईट वाटले. त्या रात्री सर्वांनी लायब्ररीतला एक हिंदी चित्रपट पाहिला आणि मी मात्र ते खोके हातात घेऊन त्यावरचे अक्षर न् अक्षर वाचत बसलो. चित्रपटाचे नाव होते ‘डर्टी डान्सिंग’, आणि कंपनीचे नाव होते व्हेस्ट्रॉन व्हिडिओ.

पुढे दोन वर्षांनी पुण्यातल्या एका मित्राकडे दोन्ही पद्धतींच्या कॅसेटी चालणारा व्हीसीआर आला, तेव्हा मी ती पाहिली. आधी चॉकलेटची एक जाहिरात लागली, तिचेही मला त्या वयात अप्रूप वाटले, आणि मग चित्रपट सुरू झाला.

मी व्यवसायाने दिवाणी वकील आहे. बँका, बिल्डर आणि कधी साधी शेतकरी मंडळी जमीन घेण्यापूर्वी माझ्याकडे येतात आणि मी तीस वर्षे मागे जाऊन त्या जमिनीची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याचा शोध घेतो. सातबारा, फेरफार नोंदी, खरेदीखते, वाटणीपत्रे, ‘इतर हक्क’ या रकान्यातला सोसायटीचा बोजा, असे सगळे कागद समोर मांडून अहवाल लिहायचा, हे माझे रोजचे काम. काही वर्षांनी त्याच चित्रपटाची डीव्हीडी माझ्या हाती आली आणि तिच्यावर व्हेस्ट्रॉनच्या जागी भलत्याच कंपनीचे नाव दिसले, तेव्हा व्यवसायाने लावलेली सवय जागी झाली. मालकी बदलली होती, तर फेरफार कुठे झाला, कशामुळे झाला, मधल्या काळात जमीन कोणाच्या ताब्यात होती? हा शोध कोणा पक्षकारासाठी नव्हता. तो मी माझ्यासाठी घेतला आणि अनेक वर्षे सवडीने घेत राहिलो.

व्हेस्ट्रॉनची सुरुवात एका आवराआवरीतून झाली. ऑस्टिन फर्स्ट हे एचबीओ या केबल वाहिनीतले वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या मूळ कंपनीने, म्हणजे टाइमने, १९८१ साली त्यांच्याकडे ‘टाइम-लाइफ फिल्म्स’ हा आपला तोट्यातला चित्रपट विभाग मोडीत काढण्याचे काम सोपवले. फर्स्ट यांनी एकेक मालमत्ता विकायला काढली. बाकी सगळ्याला गिऱ्हाईक मिळत गेले, पण चित्रपटांच्या व्हिडिओ हक्कांना कोणी धड विचारेना. तेव्हा ते त्यांनी स्वतःच घेतले आणि कनेक्टिकट राज्यातल्या स्टॅमफर्ड या गावी नवी कंपनी काढली. नाव त्यांच्या मुलीने सुचवले असे सांगतात: चुलीची आणि घराची रोमन देवता व्हेस्टा, आणि साधन या अर्थाचा ग्रीक ‘ट्रॉन’. घरातल्या चुलीपाशी बसून पाहायच्या वस्तूला याहून चपखल नाव मला तरी सुचणार नाही.

व्हिडिओ हक्कांना त्या वेळी कोणी का विचारत नव्हते, हे आज समजून घ्यायला थोडा प्रयास पडतो. व्हीएचएस यंत्र जपानमध्ये १९७६ साली बाजारात आले. त्याच्या पुढच्याच वर्षी आंद्रे ब्ले नावाच्या मिशिगनच्या एका उद्योजकाने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क घेऊन त्यांच्या कॅसेटी विकायला सुरुवात केली, आणि लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज ॲटकिन्सन यांनी त्याच कॅसेटी भाड्याने देण्याचे पहिले दुकान थाटले. तरीही १९८० पर्यंत अमेरिकेतल्या शंभरातल्या जेमतेम एका-दोघा घरांत व्हीसीआर होता. मोठ्या स्टुडिओंना हे यंत्र चोराचे साधन वाटत होते; त्यांतल्या दोघांनी सोनी कंपनीविरुद्ध लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने त्याचा निकाल सोनीच्या बाजूने लागला. ज्या पिकावर धन्याचाच विश्वास नव्हता, ते पीक खंडाने घेणाऱ्यांना मोकळे रान होते.

खंड हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आमच्या सातारा-सांगली-नगर पट्ट्यात खंडकरी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही: जमीन एकाची, ठरलेला खंड घेऊन ती कसायला दिली दुसऱ्याला. व्हेस्ट्रॉन पहिली चार-पाच वर्षे अशी खंडकरीच होती. चित्रपट दुसऱ्याने काढलेला असे. चित्रपटगृहातले उत्पन्न त्याचे, दूरदर्शनवरचे उत्पन्न त्याचे किंवा तिसऱ्याचे. व्हेस्ट्रॉन फक्त ठरावीक वर्षांसाठी कॅसेटीचे हक्क विकत घेई आणि तेवढी वर्षे तो तुकडा कसून काढी. एका चित्रपटाच्या हक्कांचे असे उभे-आडवे तुकडे पडू शकतात आणि प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा असू शकतो, ही गोष्ट सामान्य प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही. जमिनीच्या कज्ज्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र ती लगेच कळते.

धंद्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकी कायद्याप्रमाणे कॅसेट एकदा विकली की विकत घेणाऱ्याने ती कितीही वेळा भाड्याने द्यावी, मूळ कंपनीला त्यातला एक छदामही मागता येत नसे. संगीताच्या रेकॉर्डी भाड्याने देण्यावर १९८४ साली कायद्याने बंधन आले, पण चित्रपटांसाठी तसाच कायदा करून घेण्याचा स्टुडिओंचा प्रयत्न फसला. त्यामुळे कंपन्यांनी पहिल्या विक्रीतच सगळे वसूल करायचे ठरवले आणि दुकानदारांसाठी कॅसेटीची किंमत सत्तर-ऐंशी डॉलरच्या घरात नेऊन ठेवली. दुकानदार ती घेई, शंभर वेळा भाड्याने देई आणि पैसे काढी. दुकाने भराभर उघडत होती, प्रत्येकाला फळ्या भरायच्या होत्या, आणि प्रसिद्ध चित्रपट मोजकेच होते. अशा वेळी भुताखेतांचे, मारामारीचे, कोणी नावही न ऐकलेले चित्रपट कॅसेटीवर काढले तरी ते खपत. व्हेस्ट्रॉनने ते शेकड्याने काढले. त्यातल्या लहानसहान चित्रपटांसाठी लाइटनिंग व्हिडिओ आणि मुलांसाठी चिल्ड्रन्स व्हिडिओ लायब्ररी अशी वेगळी नावे होती, आणि नॅशनल जिऑग्राफिकचे माहितीपटही पुढे याच कंपनीने घरोघर पोहोचवले.

१९८३ च्या अखेरीस कंपनीला एक वेगळेच घबाड मिळाले. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ या गाण्यावर दिग्दर्शक जॉन लँडिस यांना जवळजवळ चौदा मिनिटांचा लघुपट करायचा होता आणि त्याचा खर्च गाण्याच्या चित्रफितीसाठी त्या काळी कोणी ऐकलाही नव्हता इतका होता. रेकॉर्ड कंपनी हात आखडता घेत होती. तेव्हा लघुपट कसा तयार झाला याचाही माहितीपट करावा, दोन्ही मिळून तासाभराचा कार्यक्रम होईल, आणि त्याचे हक्क आधीच विकून खर्च उभा करावा, अशी युक्ती निघाली. शोटाइम आणि एमटीव्ही या वाहिन्यांनी प्रक्षेपणाचे पैसे दिले आणि कॅसेटीचे पैसे व्हेस्ट्रॉनने दिले. कॅसेटीची किंमत ठेवली २९.९५ डॉलर, म्हणजे दुकानदाराला नव्हे तर घरातल्या माणसाला परवडेल एवढी, आणि ती लाखांनी खपली. माणसे कॅसेट भाड्याने आणतात तशी पुस्तकासारखी विकत घेऊन घरीही ठेवतात, हे या विक्रीने साऱ्या व्यवसायाला दाखवून दिले. १९८५ साली व्हेस्ट्रॉनचे शेअर बाजारात आले.

पण पीक चांगले येते आहे हे दिसल्यावर जमिनीचा मालक स्वस्थ बसत नाही. मोठ्या स्टुडिओंनी आपापले व्हिडिओ विभाग उघडले आणि हक्क बाहेर देणे बंद करत आणले. स्वतंत्र निर्मात्यांकडे जे उरले त्यासाठी आता चढाओढ लागली. या चढाओढीचा कळस म्हणजे ‘प्लॅटून’चा दावा, आणि त्याबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण माझ्या कपाटात असे निदान डझनभर दावे आहेत.

हेमडेल नावाच्या निर्मिती कंपनीने ‘प्लॅटून’ आणि ‘हूजिअर्स’ या दोन चित्रपटांच्या व्हिडिओ हक्कांबाबत व्हेस्ट्रॉनशी करार केला होता. १९८७ च्या मार्चमध्ये ‘प्लॅटून’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले आणि त्या कराराची किंमत कुठच्या कुठे गेली. व्हेस्ट्रॉनने कराराच्या अटी पाळल्या नाहीत असे म्हणून हेमडेलने तो करार मोडल्याचे जाहीर केले आणि तेच हक्क एचबीओच्या व्हिडिओ कंपनीला दिले. आमच्या भाषेत सांगायचे तर एकाशी साठेखत आणि दुसऱ्याला खरेदीखत. योगायोग असा की प्रतिवादीच्या बाकावर फर्स्ट यांचे जुने घर, एचबीओ, बसले होते. व्हेस्ट्रॉनने कॉपीराइटचे उल्लंघन झाल्याचा दावा केंद्रीय न्यायालयात लावला. तिथे पहिला वाद पडला तो हद्दीचा: हे भांडण मुळात कराराचे आहे, ते राज्याच्या न्यायालयात चालावे, केंद्रीय न्यायालयाला अधिकारच नाही, असा पवित्रा समोरच्यांनी घेतला आणि खालच्या न्यायालयाने तो मान्यही केला. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९८८ साली तो निर्णय फिरवला. आपण हक्काचे मालक आहोत आणि त्या हक्काचे उल्लंघन झाले आहे असे वादी म्हणतो, तेव्हा मामला कॉपीराइट कायद्याखालीच येतो, असे ठरले. हा निवाडा पुढे हक्कांच्या मालकीच्या वादांत उद्धृत होत राहिला. दरम्यान ‘प्लॅटून’ची कॅसेट न्यायालयाच्या उंबऱ्यावर अडकून पडली आणि ठरल्यापेक्षा काही महिने उशिरा, १९८८ च्या आरंभी, एचबीओच्याच नावाने बाजारात आली. निवाड्यात नाव कायमचे राहिले, पण ऑस्कर मिळालेल्या चित्रपटाचा पहिला बहर हातून गेला. दावा जिंकूनही हंगाम हरलेले पक्षकार मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती विशिष्ट थकावट मला ठाऊक आहे.

खंडाने जमीन मिळेनाशी झाली की खंडकऱ्यापुढे एकच वाट राहते, ती म्हणजे स्वतःचा तुकडा विकत घेणे. १९८६ साली व्हेस्ट्रॉन पिक्चर्स ही निर्मिती शाखा उभी राहिली.

एलिनर बर्गस्टीन यांची ‘डर्टी डान्सिंग’ची पटकथा तोवर ठिकठिकाणी फिरून आली होती. एमजीएम या स्टुडिओने ती घेतली होती आणि सोडूनही दिली होती. १९६३ चा उन्हाळा, कॅट्सकिल डोंगरातले सुट्टी घालवायचे एक हॉटेल, डॉक्टरांची शिकलेली मुलगी आणि तिथला नृत्यशिक्षक, असा तो मामला. त्यात कोणत्याही स्टुडिओला धंदा दिसला नाही. निर्मात्या लिंडा गॉटलिब यांनी तो स्टॅमफर्डच्या या नवख्या मंडळींपुढे ठेवला आणि पन्नास-साठ लाख डॉलरच्या खर्चात, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने अगदी चणचणीत, करण्याचे ठरले. दिग्दर्शक एमिल आर्डोलिनो यांनी त्यापूर्वी कथापट केलेला नव्हता, पण नृत्यावरच्या माहितीपटाला त्यांना ऑस्कर मिळाले होते. चित्रीकरण १९८६ च्या शरदात व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायनात झाले. गोष्ट उन्हाळ्याची आणि झाडांची पाने पिवळी पडू लागलेली, म्हणून ती हिरवी रंगवावी लागली, आणि तळ्यातल्या त्या प्रसिद्ध उचलण्याच्या दृश्याच्या वेळी पाणी इतके गार होते की नटांचे चेहरे जवळून टिपता आले नाहीत.

तयार चित्रपट पाहून कंपनीतले लोक धास्तावले. बाहेरच्या एका निर्मात्याला दाखवला, तेव्हा निगेटिव्ह जाळा आणि विम्याचे पैसे घ्या, असा सल्ला मिळाल्याचे पुढे अनेकदा सांगितले गेले आहे. शनिवार-रविवारपुरता चित्रपटगृहांत दाखवावा आणि सरळ कॅसेट काढावी, असाच बेत होता. शेवटी हे कॅसेटीवाल्यांचे घर होते. मुरुमांवरचे मलम करणारी एक मोठी कंपनी जाहिरातीचा भार उचलायला तयार झाली होती, पण गोष्टीतल्या बेकायदा गर्भपाताचा भाग काढावा असे तिचे म्हणणे पडले. बर्गस्टीन यांनी तो भाग गोष्टीच्या कण्यातच ओवून ठेवला होता, तो काढला तर चित्रपट उभाच राहत नव्हता; त्यांनी नकार दिला आणि मलमवाले निघून गेले. लेखकाने अशी खबरदारी आधीपासून घेऊन ठेवावी, याचे मला आजही कौतुक वाटते. आणि ज्या कंपनीला पैशाची इतकी निकड होती तिने तो नकार पचवला, हेही तिच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

२१ ऑगस्ट १९८७ ला ‘डर्टी डान्सिंग’ प्रदर्शित झाला. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे: अमेरिकेत सहा कोटी डॉलरहून अधिक आणि जगभर वीस कोटींहून अधिक उत्पन्न, शेवटच्या गाण्याला ऑस्कर, आणि दहा लाखांहून जास्त कॅसेटी. त्यातली एक साताऱ्यात आमच्या सतरंजीसमोर मुकी पडली होती. गाण्यांच्या रेकॉर्डी मात्र आरसीएने काढल्या आणि त्या अठरा आठवडे अमेरिकेतल्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिल्या. स्वतःच्या जमिनीतही आंब्याची झाडे दुसऱ्याची असू शकतात.

प्रदर्शनाला एक आठवडा झाला आणि २८ ऑगस्टला दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन वारले. व्हेस्ट्रॉनच्या कहाणीतला हा भाग मला सर्वात जवळचा आहे. जेम्स जॉइसच्या ‘द डेड’ या दीर्घकथेवर चित्रपट करावा ही ह्यूस्टन यांची जुनी इच्छा. त्या वेळी ते ऐंशीच्या घरात होते, फुप्फुसे निकामी होत आली होती, चाकाच्या खुर्चीत बसून आणि ऑक्सिजनची नळी लावून ते दिग्दर्शन करत होते. आयर्लंडला जाण्याची ताकद नव्हती, म्हणून १९०४ सालच्या डब्लिनमधले ते घर कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेन्सिया येथे एका गोदामात उभारले गेले. पटकथा मुलगा टोनी याने लिहिली, नायिका ग्रेटाची भूमिका मुलगी अँजेलिका हिने केली. दोन म्हाताऱ्या बहिणी आणि त्यांची भाची यांच्याकडची वार्षिक मेजवानी, गाणी, नाच, भाजलेला हंस, जुन्या गायकांविषयीच्या गप्पा; आणि सगळे आटोपल्यावर जिन्यात थबकून एक गाणे ऐकणारी बायको आणि खालून तिच्याकडे पाहणारा नवरा. चित्रपटात याहून जास्त काही घडत नाही. कोणता हिशेबी माणूस यात पैसे घालील? व्हेस्ट्रॉनने घातले. सिनेमात पैसा घालणाऱ्यांविषयी आपण सहसा एकाच सुरात बोलतो. पण नाचाच्या चित्रपटाचा गल्ला मोजण्यापूर्वीच, काहीही सिद्ध झालेले नसताना, या कंपनीने मरणाच्या दारात बसलेल्या एका थोर दिग्दर्शकाला त्याचे शेवटचे काम करू दिले होते. हा चित्रपट मी १९९६ साली दादाच्या न्यू जर्सीच्या घरी पाहिला, एका बंद पडलेल्या व्हिडिओ दुकानातून त्याने दोन डॉलरला आणलेल्या व्हेस्ट्रॉनच्या कॅसेटीवर. दादा दिवसभराच्या कामाने थकून शेजारीच झोपला होता आणि मी आवाज अगदी कमी करून, टीव्हीच्या जवळ सरकून पाहत होतो.

यानंतरची वर्षे भराभर सांगण्यासारखी आहेत. ‘डर्टी डान्सिंग’सारखे दुसरे पीक येईल या आशेने कंपनीने एकामागून एक चित्रपट हाती घेतले. ब्रिटिश दिग्दर्शक केन रसेल यांच्याशी तीन चित्रपटांचा करार झाला आणि त्यांनी ते तिन्ही केलेही. अभिनेत्री सॅली कर्कलंड यांना ऑस्करचे नामांकन मिळवून देणारा ‘ॲना’ व्हेस्ट्रॉननेच लोकांपुढे आणला. पण बहुतेक चित्रपट पडले. चित्रपटगृहांत प्रदर्शित करण्याचा, जाहिरातीचा, प्रतींचा खर्च कॅसेटीच्या धंद्यात वाढलेल्या या मंडळींना झेपणारा नव्हता; आणि इकडे व्हिडिओ दुकानांच्या फळ्याही भरून गेल्या होत्या, दुकानदार आता नाव नसलेली कॅसेट घेईना, गाजलेल्याच चित्रपटाच्या दहा-दहा प्रती मागू लागला. कंपनीची भिस्त दहा कोटी डॉलरच्या कर्जावर होती. सिक्युरिटी पॅसिफिक बँकेने ते द्यायचे नाकारले, प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, आणि १९८९ च्या उन्हाळ्यात निर्मितीचे काम जवळजवळ थांबवून माणसे कमी करण्यात आली. पेरणी झाल्यावर सोसायटीने कर्ज अडवले तर काय होते, हे आमच्याकडे कोणालाही विचारावे.

मला त्या वेळी अर्ध्यावर राहिलेल्या चित्रपटांचे वाईट वाटते. ‘सनडाउन’ नावाचा वाळवंटातल्या रक्तपिपासूंवरचा एक खेळकर चित्रपट तयार होता, तो अमेरिकेत चित्रपटगृहांत कधी लागलाच नाही. ‘लिटल मॉन्स्टर्स’ दुसऱ्यांच्या हातून थोड्याच पडद्यांवर लागून गेला. दिग्दर्शिका कॅथरिन बिगेलो यांच्या ‘ब्लू स्टील’लाही ऐन वेळी दुसरे घर शोधावे लागले आणि तो १९९० मध्ये एमजीएमकडून प्रदर्शित झाला. या प्रत्येकामागे शे-दोनशे माणसांची वर्ष-दोन वर्षांची मेहनत होती.

आता फेरफार नोंदी. १९९१ साली लाइव्ह एंटरटेनमेंट या कंपनीने व्हेस्ट्रॉन विकत घेतली, सुमारे दोन कोटी सत्तर लाख डॉलरला. म्हणजे एकट्या ‘डर्टी डान्सिंग’ने अमेरिकेतल्या तिकीट खिडकीवर जे मिळवले त्याच्या निम्म्याहूनही कमी. १९९८ मध्ये लाइव्हचे नाव बदलून आर्टिझन झाले. २००३ च्या अखेरीस आर्टिझन लायन्सगेटने घेतली. माझ्या हाती आलेल्या डीव्हीडीवरचे भलते नाव ते हेच. २०१६ साली लायन्सगेटने व्हेस्ट्रॉन हे नाव पुन्हा बाहेर काढले आणि त्या नावाखाली जुन्या भयपटांच्या संग्राहकांसाठी ब्लू-रे आवृत्त्या काढायला सुरुवात केली; ‘चॉपिंग मॉल’ आणि ‘ब्लड डायनर’ हे त्यातले पहिले दोन. ज्या चित्रपटांना त्यांच्या काळात कोणी मोजले नाही, त्यांच्यावर जीव टाकणारे लोक तीस वर्षांनी निघाले, आणि त्यांच्यासाठी जुन्या नावाला नवी किंमत आली. नावाची अशी नोंद पुन्हा चढलेली पाहून मला मनापासून आनंद झाला, हे लपवण्याचे कारण नाही.

पण सातबाऱ्यावर नाव असणे आणि शेताच्या चतुःसीमा ठाऊक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या वारसांना पुष्कळदा आपले क्षेत्र किती आहे हेच माहीत नसते. तीन पिढ्या कागद फिरत आलेला असतो आणि बांधावर कोणी गेलेले नसते. २००९ च्या शेवटी ‘द डेड’ अमेरिकेत पहिल्यांदा डीव्हीडीवर आला. चित्रपट ८३ मिनिटांचा. डीव्हीडीत सुमारे दहा मिनिटे कमी भरली. चित्रपटप्रेमींनी आणि समीक्षकांनी ते लक्षात आणून दिले आणि कंपनीने नंतर पूर्ण प्रत उपलब्ध करून दिली. मी हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. जिन्यातले ते गाणे तर गेले नसेल ना, म्हाताऱ्या आत्याबाईंचे ते कापरे गाणे तर गेले नसेल ना, असे काहीबाही मनात येत राहिले, आणि शेवटी न्यू जर्सीत संध्याकाळ व्हायची वाट पाहून मी दादाला फोन केला.

कॅसेट त्याच्या तळघरात होती. व्हीसीआरही होता, पण तो लागेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. मी म्हणालो, दादा, एवढे कर, पहिल्यापासून शेवटपर्यंत लाव आणि घड्याळ बघ. त्याने कारण विचारले नाही. १९८८ ची ती मुकी दिवाळी त्याच्याही मनात कुठेतरी राहिली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्यायालयात निघालो असताना त्याचा फोन आला. सुरुवातीला थोड्या पट्ट्या आल्या, मग चित्र स्थिर झाले, आवाज चांगला आहे, असे त्याने सांगितले. या वेळी आपण जागेच राहिलो, हेही सांगितले.

‘‘त्र्याऐंशी मिनिटे भरली,’’ तो म्हणाला. ‘‘आणि शेवटी तो बर्फ पडतो ना, तोही पूर्ण आहे.’’